वस्तरा उघडा असेपर्यंत

त्या सलूनमध्ये एकच नियम होता आणि तो भिंतीवर कुठेही लिहिलेला नव्हता. वस्तरा उघडा असेपर्यंत ‘नाही’ म्हणायचं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, यंदा थंडी लवकर पडणार, तर लवकर पडणार. त्याच्यामागून खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक म्हणालं, यंदा थंडी पडतच नाही, तर नाही पडत. ‘बरोबर आहे’ एवढं म्हणायचं, जोडीला मान जराशी डोलवायची, की पातं गालावरून सुरळीत खाली उतरायचं. त्या खुर्चीत बसून लोकांनी आपापल्या साहेबांना शिव्या घातल्या, सुनांची उणीदुणी काढली, एकाने तर गेल्या जन्मी आपण राजा होतो असंही सांगितलं. सगळं बरोबर होतं.

नियम आजोबांचा. दुकान मूळ त्यांचं, पण हात थरथरायला लागल्यापासून ते खिडकीजवळच्या बाकावर बसून फडक्यांच्या घड्या घालायचे. तरुणपणी त्यांना वाद घालायची भारी खोड होती. एकदा दाढी करता करता गिऱ्हाइकाशी जुंपली. विषय काय, तर नदीवर पूल बांधायचाय तो दगडी असावा की लोखंडी. “छे, नाही! लोखंड गंजणार!” असं आजोबा म्हणाले आणि उत्तर द्यायला गिऱ्हाइकाने ताडकन मान वळवली. कानापासून जबड्यापर्यंत चीर गेली. टाके पडले, माणूस बरा झाला, आणि इतका भला की पुढे जन्मभर आजोबांकडेच दाढीला येत राहिला. आजोबांना तेच जास्त जड गेलं. दर खेपेला त्या व्रणाच्या कडेकडेने वस्तरा फिरवायचा, आणि तो माणूस डोळे मिटून निवांत बसलेला असायचा. पूल काही झालाच नाही.

तर वाद घातला की माणूस मान हलवतो, मान हलली की वस्तरा लागतो, असं हे सरळ गणित होतं. यात लाचारी नाही, काळजी आहे, असं आजोबा म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. फक्त दुकानात सकाळी शटर वर गेल्यापासून दिवेलागणीपर्यंत वस्तरा उघडाच असायचा. आजोबांच्या मुलाने, म्हणजे चिंगीच्या बापाने, वयाच्या बाराव्या वर्षी ब्रश हातात घेतला होता. त्यानंतर त्याने कुणाला ‘नाही’ म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का विचारलं तेव्हाही तो “बरोबर आहे” म्हणाला होता. चिंगीची आई ही गोष्ट पाहुण्यांना हसत हसत सांगायची, पण पूर्ण हसत नसायची.

दुकानाच्या मागेच राहत्या दोन खोल्या, मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे बाप दाढ्या करायचा, पलीकडे आई बायकांच्या भुवया कोरायची. तिथे वस्तरा नव्हता, नुसता दोरा. पण ऐन वेळी बाई हलली की अर्धी भुवई गायब, त्यामुळे पलीकडेही नियम तोच. या दोन होकारांच्या मधोमध चिंगीचा पाळणा टांगलेला होता.

मुलं पहिल्यांदा आई म्हणतात, बाबा म्हणतात. ही म्हणाली, “बोबल.” खुर्चीतला माणूस तेव्हा काहीतरी ठासून सांगत होता, बापाने “बरोबर आहे” म्हटलं आणि पडद्यामागून बारीक आवाजात “बोबल” आलं. दुकान खो-खो हसलं. तोंडाला फेस लावलेला माणूससुद्धा हसला आणि बापाला वस्तरा चटकन वर उचलावा लागला. त्या दिवसापासून गिऱ्हाइकं मुद्दाम काहीतरी अचाट बोलायची, “काय चिंगे, हत्ती उडतो की नाही?” आणि चिंगी “बोबल” म्हणाली की तिच्या हातात गोळी पडायची. मग मुलांचं ते एक वय आलं, ज्यात ती उठताबसता ‘नाही’ म्हणून पाय आपटतात. चिंगीनेही आपटले. पण तिने तोंड उघडलं की एकाच वेळी तीन मोठी माणसं ओठांवर बोट ठेवून तिच्याकडे वळायची. कुणी कधी चापट मारली नाही, डोळे वटारले नाहीत. आजोबा फक्त वस्तऱ्याकडे बोट दाखवायचे आणि हळूच म्हणायचे, “उघडाय ना बाळ.” इतर घरांत हे वय वर्षभर चालतं, म्हणतात. चिंगीचं काही आठवड्यांत उरकलं आणि आई शेजारणींना कौतुकाने सांगत सुटली.

शाळेत गेल्यावर पोरांनी तिचं नाव ठेवलं होयबा. तुझा खोडरबर देतेस? हो. तुझा डबा खाऊ? हो. खिडकीजवळची जागा माझी ना? हो, तुझीच. बाईंना मात्र ती जीव की प्राण होती. “अशी गुणी मुलगी सगळ्यांच्या पोटी यावी,” असं बाई एकदा बापाला म्हणाल्या, आणि तो दिवसभर आरशात बघून हसत होता.

वर्गाच्या कोपऱ्यात काचेची एक टाकी होती, तिच्यात दोन नारिंगी मासे. पाहुणे आले की शाळा आधी ती टाकी दाखवायची आणि मग मुलं. एके दिवशी मधल्या सुट्टीत ती टाकी फुटली. आवाज ऐकून बाई धावत आल्या तेव्हा फरशीभर पाणी, काचांचा खच, आणि त्यात एकटी चिंगी. तिने दोन्ही मासे आपल्या पाण्याच्या बाटलीत घातले होते आणि बाटली छातीशी धरून उभी होती. बाई खाली बसून काचा वेचायला लागल्या. वेचता वेचता त्यांनी विचारलं, “तूच पाडलीस ना?”

“हो बाई.”

“वर्गात उड्या मारत होतीस ना?”

“हो.”

“बाकी कुणी नव्हतं ना इथे?”

“कुणी नव्हतं.”

इतका धडधडीत कबुलीजबाब शाळेत आजवर कुणी दिला नव्हता. मुख्याध्यापकांनी बापाला बोलावून घेतलं.

मुख्याध्यापक दर रविवारी दाढीला यायचे, म्हणजे माणूस ओळखीचा. वाटेत बापाने वाक्य तयार केलं होतं: सर, माझी मुलगी असं करणार नाही. दोनदा पुटपुटूनही पाहिलं. पण खोलीत शिरला आणि घात झाला. मुख्याध्यापक उंच पाठीच्या, फिरत्या खुर्चीत रेलून बसले होते, डोकं मागे टेकलेलं. बापाचे पाय आपोआप टेबलाला वळसा घालून त्यांच्या उजव्या खांद्यामागे जाऊन थांबले. समोरची पाहुण्यांची खुर्ची रिकामी राहिली. मुख्याध्यापकांना त्याच्याशी बोलायला मान वळवावी लागत होती, आणि त्यांनी मान वळवली की बापाचा रिकामा हात चटकन वर उचलला जात होता. चिंगी त्याचं बोट धरून शेजारी उभी होती.

“मुलगी कबूल झालीये,” मुख्याध्यापक म्हणाले. त्यांनी दोन्ही पंजे टेबलावर सपाट पसरून ठेवले होते. “मुलांना वेळीच वळण लावलेलं बरं, नाही का?”

“बरोबर आहे.”

“सोमवारी सकाळी सगळ्या शाळेसमोर माफी मागेल. आणि मागच्या इमारतीत खोडकर मुलांचा एक वेगळा वर्ग आहे, तिथे बसवू. तिच्याच भल्यासाठी.”

“बरोबर आहे सर.”

बाहेर आल्यावर पायऱ्या उतरताना त्याच्या लक्षात आलं की तयार केलेलं वाक्य तसंच तोंडात राहिलंय. त्याला स्वतःची लाज वाटली, चांगलीच वाटली. चिंगीने बोट सोडलं नव्हतं. “बाबा, मासे बाटलीत मावतात का हो?” तिने विचारलं. तो मावतात म्हणाला.

घरी चिंगीच्या आईने आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग तिचा पारा चढला.

“अहो, पण तुम्ही पोरीला विचारलंत तरी का?”

विचारलं नव्हतं. तो तेव्हा दुसऱ्या दिवसासाठी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासत होता. घासता घासता त्याने हाक मारली, “चिंगे, टाकी तू फोडलीस का गं?”

“हो.”

“झालं,” तो म्हणाला.

“असं विचारतात होय?” आई भाजी चिरत होती, तिने सुरीनेच त्याला गप्प केलं. “चिंगे, इकडे बघ. तू नाही ना फोडलीस?”

“नाही.”

“बघा.”

“मला हो म्हणाली.”

“मला नाही म्हणाली.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. पोर दोघांकडे आळीपाळीने बघत होती, दोघांचंही समाधान झालं असेल अशा खात्रीने. मग त्यांनी उलटसुलट विचारून पाहिलं, गोडीत विचारलं, दरडावून विचारलं. ज्याने ज्या बाजूने विचारलं त्या बाजूचं उत्तर आलं. आपल्या पोटच्या पोरीकडून खरं काय ते काढून घेता येत नाही, हे त्या संध्याकाळी दोघांना पहिल्यांदा कळलं आणि त्यांनी हात टेकले.

“अगदी आपल्या वळणावर गेली,” आजोबा बाकावरून म्हणाले. आवाजात अभिमान होता.

“अण्णा, जरा थांबा,” आई म्हणाली. सासऱ्यांना ती कधी मध्येच तोडत नसे. तिने चिंगीला पडद्यापलीकडे पाठवलं आणि आवाज खाली आणला. “टाकी गेली खड्ड्यात. उद्या रस्त्यात कुणी म्हणालं, चल बाळ, तुझ्या बाबांनी बोलावलंय, तर ही काय म्हणेल?”

तिघांनाही उत्तर माहीत होतं. बापाला त्या रात्री जेवण गेलं नाही. फोडली असेल तर फोडली, पोर आहे; पण सोमवारी ती सगळ्या शाळेसमोर उभी राहील आणि सांगतील ते म्हणेल, आणि फोडली की नाही हे ना शाळेला कळेल ना घराला. एकदा एवढ्या लोकांपुढे हो म्हटलेली मुलगी पुढे कुणाला नाही म्हणणार? त्याला भीती वाटत होती ती याची. मध्ये एक रविवार होता, आणि रविवारी मुख्याध्यापक दाढीला यायचे.

ते आले. दुकान भरलेलं होतं, पण त्यांना लोकांनी आधी बसू दिलं. बापाने फडकं गळ्याभोवती बांधलं, ब्रशने फेस केला, गाल, हनुवटी, गळा, सगळं पांढरं झालं. चिंगी नेहमीसारखी स्टुलावर उभी राहून टॉवेल देत होती. डावा गाल झाला. बापाने हनुवटी बोटाने वर उचलली आणि वस्तरा गळ्याला टेकवला. मुख्याध्यापकांना नेमकी तेव्हाच आरशात चिंगी दिसली.

“काय गं, उद्या माफी मागायचीय ना?” ते प्रेमाने म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

“हो.”

“परत असं करायचं नाही ना?”

“नाही.”

“शहाणी! काय हो, चूक मान्य करायला शिकणं हेच खरं शिक्षण. की नाही?”

‘बरोबर आहे’ बापाच्या ओठांवर येऊन बसलंही होतं. त्याने आरशात लेकीकडे पाहिलं. ती मुख्याध्यापकांच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती वस्तऱ्याकडे बघत होती. उत्तर देतानाही तिची नजर पात्यावरच होती, आणि श्वास रोखून धरलेला होता. त्याला एकदम पट्ट्यावर घासला जाणारा वस्तरा आठवला. बायकोच्या हातातली सुरी आठवली. आणि वर्गात बाई खाली बसून काचा वेचत होत्या, हे शाळेत ऐकलेलं.

त्याने वस्तरा गळ्यावरून उचलला. फडक्याला पुसला, मिटला आणि खणात टाकून खण लावून घेतला. मग मोकळे झालेले दोन्ही पंजे त्याने लेकीसमोर धरले, पुढून, मागून. बाकावर आजोबांचा हात घडी घालता घालता थांबला.

“चिंगे,” तो म्हणाला, “वस्तरा मिटलाय. टाकी कुणी फोडली?”

चिंगीने खणाकडे पाहिलं. मग त्याच्या हातांकडे. वाट बघणाऱ्या माणसांनी पेपर खाली घेतले.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “मी आले तेव्हा फुटली होती. मासे फरशीवर उडत होते.”

“मग बाईंना हो का म्हणालीस?”

यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा झाला. “बाईंच्या हातात काच होती ना. एवढी मोठी. नाही म्हटलं असतं तर त्यांचा हात हलला असता.”

दुकानात कुणी हसलं नाही. बापाला स्वतःची भयंकर चीड आली. आजोबा घडी उलगडून पुन्हा घालायला लागले, ती काही नीट जमेना.

मुख्याध्यापक खुर्चीत सरळ झाले. अर्धा चेहरा गुळगुळीत, अर्ध्यावर फेस, तो आता सुकून तडकायला लागला होता. “पण अहो, त्या दिवशी तुम्हीच माझ्यापुढे मान्य केलंत.”

“ते चुकलं माझं.”

“बघू मग. उद्याचं उद्या बघू. आधी हे आटपा.”

“नाही सर,” बाप म्हणाला.

शब्द तोंडातून निघाला तो जरा मोठ्यानेच निघाला, कारण बेताने कसा म्हणतात हे त्याला ठाऊक नव्हतं. मुख्याध्यापकांनी ताडकन मान वळवली. आजोबांनी डोळे घट्ट मिटून घेतले. वस्तरा खणात होता. मान वळली, आणि काहीच झालं नाही.

“नाही म्हणजे?”

“म्हणजे उद्या ती माफी मागणार नाही. वर्गही बदलायचा नाही. एवढं ठरू द्या, मग खण उघडतो.”

मुख्याध्यापकांनी आरशात स्वतःकडे पाहिलं. अर्धी दाढी घेऊन माणूस जाणार कुठे, तेही रविवारी, तेही अख्खं गाव ओळखत असताना? पण खरं सांगायचं तर त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यावरून नजर काढून चिंगीकडेही पाहिलं होतं, आणि बऱ्यापैकी वेळ पाहिलं होतं. “बाईंशी मी बोलतो,” ते शेवटी म्हणाले. “माफी नको. वर्ग आहे तोच राहू दे.”

बापाने नवा फेस केला. राहिलेली दाढी नेहमीपेक्षा सावकाश आणि सुरेख झाली, तुरटी फिरली, टॉवेल झाला. जाताना मुख्याध्यापकांनी चिंगीच्या डोक्यावर टपली मारली. पुढच्या रविवारी ते येतील की नाही, यावर मागे उरलेल्या गिऱ्हाइकांत दोन तट पडले. दोन्ही तटांनी बापाचं मत विचारलं. वस्तरा उघडा होता. दोघांचंही बरोबर निघालं.

संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून त्याने केस झाडून गोळा केले. आई पडद्यापलीकडे आरसा पुसत होती आणि कधी नव्हे ती काहीतरी गुणगुणत होती. आजोबा बाकावर पेंगत होते. झाडू कोपऱ्यात ठेवून तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला, पाय लांब केले. हलकं हलकं वाटत होतं त्याला. आयुष्यात एक ‘नाही’ म्हणून झालं होतं आणि रक्त आलं नव्हतं.

चिंगी स्टूल ओढत आली आणि त्याच्या उजव्या खांद्यामागे चढून उभी राहिली. आरशात दोघं दिसत होती.

“बाबा, हात दाखवा.”

त्याने हसत दाखवले. तिने वाकून दोन्ही नीट तपासले.

“एक विचारू?”

“विचार की.”

“त्या दिवशी शाळेत तुम्ही सरांना बरोबर आहे का म्हणालात?” ती म्हणाली. “त्यांच्या हातात तर काहीच नव्हतं.”

त्याला मान वळवून तिच्याकडे बघायचं होतं, ते जमलं नाही. आरशातही बघवेना. पडद्यापलीकडचं गुणगुणणं थांबलं होतं. चिंगी वाट बघत उभी होती, अजिबात घाई नसल्यासारखी.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “काहीच नव्हतं.”